वेब व माध्यम डिझाइनचा अभ्यासक्रम : आम्ही काय शिकलो?

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न चर्चिला जातो : पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, बँकेतील नोकरी हे मार्ग आपल्या पालकांना ठाऊक असतात. परंतु ‘वेब व माध्यम डिझाइन’ म्हणजे नेमके काय, हे सांगताना विद्यार्थ्याची तारांबळ उडते. ‘संगणकावर चित्रे काढतो’ एवढेच उत्तर पालकांच्या कानी येते आणि ‘त्याने पोट भरेल काय?’ असा रास्त प्रतिप्रश्न केला जातो. आम्ही काही विद्यार्थ्यांनी नुकताच हा अभ्यासक्रम पूर्ण केला. जे शिकलो ते सभासदांसमोर व आमच्या धाकट्या भावंडांसमोर मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. विषयाची ओळख

इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे जाळे, आणि वेब म्हणजे त्या जाळ्यावरून वाचता येणाऱ्या, एकमेकींना जोडलेल्या पानांची व्यवस्था. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ साली या व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही आज्ञावली कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुली केली. आज खेड्यातील विद्यार्थीसुद्धा कोणाची परवानगी न घेता स्वतःचे पान तयार करू शकतो, याचे मूळ त्या निर्णयात आहे. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली.

वेबपानाची उभारणी तीन गोष्टींवर होते. पहिली एचटीएमएल. कोणता मजकूर मथळा, कोणता परिच्छेद, कोणती यादी हे ती सांगते. दुसरी सीएसएस. अक्षरांचा आकार, रंग, ओळींमधील अंतर ती ठरविते. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये निघाली. तिसरी जावास्क्रिप्ट. बटण दाबल्यावर काय घडावे हे तिच्यात लिहितात. घराचीच उपमा द्यायची तर एचटीएमएल म्हणजे भिंती व खोल्या, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी व मांडणी, आणि जावास्क्रिप्ट म्हणजे विजेची बटणे. भिंती भक्कम नसताना रंग चढविणाऱ्या गवंड्याला आपण काय म्हणू? वेबच्या बाबतीतही तसेच आहे.

२. साधने जातात, तत्त्वे राहतात

अभ्यासक्रमात प्रवेश घेताना आम्हा सर्वांचा समज असा होता की, अमुक एक सॉफ्टवेअर हाताखाली आले की काम झाले. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात एका स्तंभात मराठी व शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. दोन प्रकारच्या वाचकांना एकाच पानावर कसे सामावून घ्यावे, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते, आणि हा प्रश्न डिझाइनचाच होय. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. खिळे जुळविण्याची ती कला पुढे अस्तंगत झाली. १९८५ साली पेजमेकर आले. त्याने छपाईचे जग बदलले, आणि त्याचीही शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. एके काळी वेब डिझाइनच्या वर्गांतून फ्लॅश हा मुख्य विषय असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला आणि त्यात केलेली असंख्य कामे पडद्यावर दिसेनाशी झाली.

यातून कोणता बोध घ्यावा? जो केवळ बटणे पाठ करतो, त्याचे शिक्षण सॉफ्टवेअरबरोबर संपते. पान कोण वाचणार, त्याला आधी काय दिसले पाहिजे, त्याचा डोळा कोठे अडखळेल, हा विचार ज्याने केला, त्याचे शिक्षण खिळ्यांच्या काळातही उपयोगी होते आणि आजही आहे. आता तर यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की ते क्षणात अख्खे पान तयार करून देते. ते पान योग्य की अयोग्य हे पारखणारा माणूस मात्र लागतोच, आणि पारख तत्त्वांच्या अभ्यासानेच येते.

३. वाचता येईल असे लिहा

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असल्यामुळे एकूण १,६७,७७,२१६ रंग तयार करता येतात. एवढी संपत्ती हाती आली की नवशिक्याला सगळेच रंग वापरण्याचा मोह होतो. तथापि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात पुरेसा फरक असला पाहिजे. वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर काळे अक्षर २१ : १ भरते. पांढऱ्यावर शुद्ध पिवळे जेमतेम १.०७ : १ भरते, म्हणजे वाचताच येत नाही. आपल्याकडे महत्त्वाची सूचना लाल रंगात देण्याची पद्धत आहे. परंतु पांढऱ्यावर शुद्ध लाल रंगाचे प्रमाण सुमारे ४ : १ येते. म्हणजे बारीक अक्षरांतली लाल सूचना या कसोटीस उतरत नाही. मोठे व ठळक अक्षर घेतल्यास ३ : १ हे प्रमाण चालते.

या नियमांची गरज कोणाला आहे? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत. अंध वाचक पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचवून घेतो. ते यंत्र अक्षरे वाचते. चित्रातील मजकूर त्याला जसाच्या तसा मिळत नाही, म्हणूनच प्रत्येक चित्रासोबत त्याचे वर्णन शब्दांत द्यावे लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व संपर्काची साधने सुगम असणे हा हक्काचा विषय केला आहे. शिवाय ज्यांची दृष्टी वयोमानाने मंदावली ते आपले आजी-आजोबा, आणि भर उन्हात बसथांब्यावर मोबाइल उघडून शिष्यवृत्तीची शेवटची तारीख शोधणारा विद्यार्थी, या सर्वांना याच नियमांचा लाभ होतो.

४. मराठी अक्षरांचा प्रश्न

आमच्या मते या अभ्यासक्रमातील सर्वांत महत्त्वाचा धडा आपल्या लिपीविषयी होता. इंग्रजीसाठी लिहिलेले मांडणीचे नियम देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इंग्रजी मथळ्यात अक्षरे सुटी करून शोभा आणतात. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विस्कटतो. आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार वर जातात, उकार व जोडाक्षरे खाली उतरतात. त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर ठेवावे लागते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जुन्या काळी कृतिदेव, शिवाजी यांसारखे फाँट वापरात आले. त्यांत दिसायला मराठी अक्षर असले तरी संगणकाच्या पोटात रोमन अक्षरच साठविलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा मजकूर शोधता येत नाही आणि वाचक-यंत्रालाही तो वाचता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन-चार अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र त्यात व, इकार, द, हलन्त, य, आकार, र, हलन्त, थ, ईकार असे दहा क्रमांक साठवितो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा मराठीचा खास भेदही युनिकोडमध्ये राखला जातो.

मराठी अक्षरांच्या रचनाकारांचे ऋणही येथे मान्य केले पाहिजे. संगणकावर अनेकांनी वापरलेला ‘मंगल’ हा फाँट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला. आज ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे चांगले युनिकोड फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी मराठी ही मातृभाषा नोंदविली त्यांची संख्या ८.३० कोटी आहे. एवढ्या मोठ्या समाजाने आपला मजकूर शोधता न येणाऱ्या स्वरूपात का ठेवावा?

५. संस्थांच्या दृष्टीने उपयोग

सभासद बंधू-भगिनींनो, हा विषय केवळ नोकरी शोधणाऱ्यांचा नाही. आज बहुतेक संस्था आपली सूचना कागदावर छापून तिचा फोटो मोबाइलवर पाठवितात. हजार अक्षरांची सूचना युनिकोड मजकूर म्हणून पाठविली तर ती सुमारे ३ केबी भरते, कारण प्रत्येक देवनागरी वर्णाला ३ बाइट लागतात. तिचाच फोटो सहज काही शे केबींचा होतो. तो मोठा करून पाहावा लागतो, आणि सहा महिन्यांनी शोधू म्हटले तर सापडत नाही. संस्थेची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, जुन्या स्मरणिका जर जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या असतील, तर त्या वेळीच युनिकोडमध्ये आणणे अगत्याचे आहे. ज्यांना तो फाँट व ती फाइल ठाऊक आहे अशी माणसे आज आपल्यात आहेत. आणखी काही वर्षांनी ती असतीलच असे नाही. विद्यार्थ्यांनी सुटीत हे काम हाती घेतल्यास त्यांचा सराव होईल आणि संस्थेचा इतिहास वाचेल.

छपाईसाठी काम करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छापील चित्राला साधारणतः दर इंचास ३०० बिंदू लागतात, म्हणजे ए-४ आकाराच्या पूर्ण पानाच्या चित्राला २४८० गुणिले ३५०८ बिंदू हवेत. मोबाइलवर सुंदर दिसणारे लहान चित्र छापल्यावर फाटलेले दिसते ते याच कारणाने. दुसरे असे की, इंटरनेटवर दिसणारे प्रत्येक छायाचित्र फुकट नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण त्यालाही असते. परवानगी घ्यावी, अथवा स्वतः छायाचित्र काढावे.

६. सुरुवात कशी करावी?

घरी संगणक नाही म्हणून हा मार्ग बंद आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येक पानाचा पहिला आराखडा कागद-पेन्सिलीनेच काढतात. आम्हीही चौकटींच्या वहीत तसाच काढीत असू. एखादी रेल्वेच्या वेळापत्रकाची पाटी, लग्नपत्रिका किंवा औषधाचे वेष्टन समोर ठेवावे आणि स्वतःला विचारावे : येथे डोळा प्रथम कोठे जातो? अत्यंत आवश्यक माहिती कोठे दडली आहे? ती वर आणून कागदावर पुन्हा मांडावी. संगणक मिळाला की साधे नोटपॅड व ब्राउझर एवढ्या दोन साधनांवर एचटीएमएल शिकता येते. महागडे सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी लागत नाही. अभ्यासक्रम निवडताना जाहिरातीतील पगाराच्या आकड्यापेक्षा मागील विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष केलेली कामे पाहावीत, आणि तेथे मराठी मजकुरावर काम करवून घेतात काय, हे आवर्जून विचारावे. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापाठोपाठ कामाची वही मागितली जाते. ती पहिल्या महिन्यापासून जमवीत राहावी.

मित्रहो, आमच्या हाती आज प्रमाणपत्र आहे. त्याची किंमत आम्ही केलेल्या कामावरून ठरेल. ज्याला चष्मा परवडत नाही, ज्याचा मोबाइल जुना आहे, ज्याला इंग्रजी येत नाही, अशा वाचकाला आपले पान विनासायास वाचता आले तर आपला अभ्यास सार्थकी लागला असे समजावे. आपल्यापैकी जो कोणी हा विषय निवडील त्याने पहिले काम स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वस्तीतील वाचकासाठी करावे, हीच आमची आग्रहाची विनंती.