घाईचा हात, ताटलीचा घात

पोरी, वाटणीत तुझ्याकडे आलेली ती गुलाबी फुलांची जुनी चिनी ताटली आता कशी सांभाळू म्हणून विचारलंस, ते बरं केलंस. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीत १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली, नदी आणि डोंगरघाट ओलांडून कँटनच्या बंदरात उतरलेली आणि तिथून जहाजानं इकडे आलेली ही वस्तू अशी सहजासहजी मरत नाही. तिला मारते ती आपली घाई आणि नको तितकी टापटीप. करता येतील तेवढ्या चुका आपल्या घराण्यात करून झाल्यात. तू नव्या शोधत बसू नकोस, एवढं वाच.

१. ताटली उचलायच्या आधी ती कुठं टेकवायची ते ठरव आणि तेवढी जागा मोकळी कर — ताटली हातात घेऊन जागा शोधणारा माणूस कोपरानं दुसरंच काही पाडतो.

२. उचलताना दोन्ही हात लाव, एक बुडाखाली असू दे — नुसत्या काठाला धरलं, की जिथं जुना टवका किंवा डागडुजी असते नेमका तिथंच भार येतो.

३. अंगठ्या-बांगड्या उतरव आणि मंगळसूत्र पदरात खोच — ओणवं झालं की वाट्या काठावर आपटतात, आणि हिऱ्याची अंगठी झिलईवर रेघ ओढायला कमी करत नाही.

४. सिनेमातल्यासारखे पांढरे सुती हातमोजे घालून मिरवू नकोस, हात धुऊन कोरडे कर, पुरे — सुती मोज्यातून गुळगुळीत झिलई निसटते.

५. आता उजेडात बस आणि फुलावरून बोटाचं टोक अगदी हलकं फिरव. पाकळी बोटाला किंचित उंच लागेल, बाजूला निळी रेघ असेल तर ती मात्र लागणार नाही — निळा कोबाल्ट झिलईच्या खाली रंगवून भाजतात. गुलाबी, हिरवा, पिवळा हे रंग वरून लावून ७००-८०० अंशांच्या सुमारास पुन्हा भाजतात. म्हणून आधी झिजतात ते हेच.

६. ती गुलाबी छटा आहे ना, तिच्यात खरंखुरं सोनं आहे, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. कुणी अशा गुलाबी ताटलीला मिंगकालीन म्हणाला तर चहा पाज आणि वाटेला लाव — मिंग घराण्याची राजवट १६४४ला संपली, हा गुलाबी रंग चीनमध्ये १७२०च्या सुमारास रुळला.

७. बुडावरचा सहा अक्षरी शिक्का बघून लगेच नातेवाइकांना फोन करू नकोस — कांगशी बादशहाच्या काळातले (१६६२-१७२२) कुंभारसुद्धा दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआ राजवटीचा शिक्का आपल्या कामावर घालत, काही वेळा निव्वळ जुन्यांच्या आदरापोटी. शिक्का मिरवतो, बूड कबूल करतं.

८. तेव्हा बुडाच्या बिनझिलईच्या कडेकडे नीट बघ: झीज कुठं जास्त, कुठं कमी, आणि ओरखडे नाना दिशांनी गेलेले दिसायला हवेत — सगळे एकाच दिशेला असतील तर ते वयाचं नाही, पॉलिशपेपरचं काम.

९. बुडावर इंग्रजीत देशाचं नाव छापलेलं असेल तर अठराव्या शतकाचं स्वप्न सोड — अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यामुळं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यानंतरची ही रीत.

१०. ताटली तळहातावर तोलून बोटाच्या पेरानं काठावर हळूच टिचकी मार — धड असेल तर लांबणारा नाद देते. बद्द वाजली तर कुठंतरी चीर किंवा सांधा आहे असं समज.

११. मग ती दिव्यासमोर धर — पातळ चिनी मातीतून उजेड पाझरतो आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेली केसभर चीर आपली आपण दिसते.

१२. नक्षीत वटवाघळं सापडली तर सासूबाईंनी अपशकुन म्हणून ती माळ्यावर टाकायच्या आत त्यांना समजाव — चीनमध्ये वटवाघूळ सुखाचं लक्षण आणि पीचचं फळ दीर्घायुष्याचं. कुणीतरी शुभेच्छा म्हणूनच ती काढून घेतली असतील.

१३. डोळा तयार करायचा तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, तिथं टाटा बंधूंनी, सर रतन आणि सर दोराबजींनी, जमवलेल्या चिनी वस्तू आहेत. लंडनला लेकीकडे गेलीस तर ब्रिटिश म्युझियममधल्या पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहापुढे निवांत उभी राहा; ते १८९२ साली मुंबईतच जन्मलेले — चांगलं पुष्कळ पाहिलं की खोटं आपोआप खुपायला लागतं.

१४. रोज पुसायचं व्रत घेऊ नकोस, अधूनमधून मऊ ब्रशनं धूळ झटक — सोनेरी काठ वापरानं जातो त्याहून अधिक पुसण्यानं जातो.

१५. धुवायचीच वेळ आली तर प्लॅस्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथर, कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब घे आणि एका वेळी एकच ताटली धू. वाहत्या नळाखाली धरू नकोस — नळाची तोटी लोखंडी-पितळी, साबणाचा हात निसरडा.

१६. जोडलेली ताटली पाण्यात बुडवूच नकोस, ओलसर कापूस फिरव आणि थांब — जुना डिंक-सरस पाण्यात मऊ पडतो आणि सांधा तुझ्या हातात सुटून येतो.

१७. चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, ही सगळी तांब्या-पितळेची मंडळी. त्यांना इकडे फिरकू देऊ नकोस — आंबटानं वरचे रंग निस्तेज होतात आणि राखेनं सोनं जातं. घासून घासून सोनं गेलं, घासणीला काय मिळालं?

१८. चिरेतला काळपट डाग काढायला ब्लीच ओतू नकोस — ते चिरेतून झिलईखाली मुरतं, तिथं त्याचे क्षार धरतात आणि झिलई उचलली जाते. डाग परवडला.

१९. दिवाळीला हौसेनं तिच्यात फराळ मांडशील, कोशिंबीर वाढशील, तर तेवढी हौस आवर — वरच्या रंगांत शिसं असतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर तर नावालाही नकोत.

२०. एकावर एक ठेवायच्या असतील तर मधे फ्लॅनेलचा तुकडा घाल आणि चार-पाचांवर चळत चढवू नकोस — वरचीचं खरबरीत बूड खालच्या फुलांना ओरबाडतं.

२१. भिंतीवर टांगायला ते स्प्रिंगवालं तारेचं कडं वापरू नकोस, पुढं ओठ असलेल्या फळीवर लाकडी घडवंचीत टेकव — स्प्रिंग रात्रंदिवस काठ आवळत असते आणि एक दिवस टवका उडतो. ती फळीही सतत आपटणाऱ्या दाराशेजारी नको, फ्रिजवर तर नकोच.

२२. घर बदलताना ताटल्या आडव्या न रचता, कपड्यात गुंडाळून खोक्यात उभ्या लाव — उभी ताटली धक्का सोसते, आडवीच्या डोक्यावर बाकीच्यांचं ओझं. पोहोचल्यावर वर्तमानपत्र आणि फुग्यांचं प्लॅस्टिक लगेच काढून टाक — शाई उतरते आणि फुग्यांचे गोल डाग झिलईवर उमटतात.

२३. फुटलीच, तर आधी कुणी फोडली याची चौकशी बंद कर आणि केर काढू देऊ नकोस. कपचीसुद्धा टिपून घे, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळ, आणि 'जुळतायत का बघू' म्हणून एकमेकांवर घासू नकोस — कडा झिजल्या की सांधा कायमचा दिसतो. कपची जपली, तर ताटली वाचली.

२४. झटपट चिकटणाऱ्या ट्यूबला हात लावू नकोस — ती पिवळी पडते, वाकडी बसली की निघता निघत नाही, आणि नंतर येणाऱ्या जाणकाराचं निम्मं काम तुझा गोंद खरवडण्यातच जातं.

२५. मागच्या बाजूला धातूच्या बारीक टाचण्या ठोकलेल्या दिसल्या तर विद्रूप म्हणून उपटू नकोस — चीनमधले फिरते कारागीर हिऱ्याच्या टोकानं आरपार न जाणारं भोक पाडून ताटल्या अशा शिवत. हिऱ्याचं गिरमिट नसेल तर चिनी मातीचं काम अंगावर घेऊ नये, अशी तिकडची म्हणच आहे. ती शिवणही आता ताटलीच्या वयाचा दाखला.

२६. एका कागदावर लिहून ठेव: कुणाकडून आली, केव्हा, व्यास किती, टवका कुठं, पुढून-मागून फोटो काढ, आणि तो कागद ताटलीला न चिकटवता कपाटातल्या फायलीत ठेव — वस्तू टिकते पण तिची हकिगत एका पिढीत हरवते, आणि बिनहकिगतीच्या वस्तूला गिऱ्हाईक निम्म्यात मागतं.

२७. परदेशातल्या लेकीला द्यावीशी वाटली तर सूटकेसमध्ये साड्यांच्या घडीत दडवून पाठवू नकोस. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचार — १९७२च्या कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

२८. आणि कुलूप लावून विसरू नकोस. नातवंडांना जमिनीवर सतरंजीवर बसव, मांडीत ताटली दे, फुलं बघू दे, दोन्ही हातांनी धरायला शिकव — ज्याला ती ठाऊकच नाही तो तुझ्या पश्चात तिच्यात झाडाची कुंडी ठेवील.

एवढं वाचून धास्तावू नकोस. पहिल्या चार गोष्टी आजपासून पाळ, सव्विसावी या रविवारी उरकून टाक. बाकीच्या हळूहळू अंगवळणी पडतील.