वरच्या मजल्यावरचे पाणी, खालच्या घरातला खोकला

गेल्या श्रावणात मुंबईच्या बोरिवली भागातील गोराईला पुतण्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. रात्री दोनच्या सुमारास त्याच्या सहा वर्षांच्या मुलाच्या खोकल्याने जाग आली. ढास लागली होती आणि छातीत शिटीसारखा आवाज येत होता. सूनबाई म्हणाल्या, "काका, हे नेहमीचंच झालंय. औषधानं आठ दिवस बरं वाटतं, की पुन्हा सुरू. मागच्या महिन्यात आजोळी विट्याला आठ दिवस होता, तर एकदाही खोकला नाही."

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. घर सोडले की खोकला थांबतो आणि घरी आले की सुरू होतो, असे असेल तर दोष घरात शोधावा. दिवा लावला आणि तो समोरच दिसला. मुलाच्या पलंगालगतची भिंत न्हाणीघराला चिकटून होती आणि वरच्या बिऱ्हाडाचे न्हाणीघर नेमके त्यावर. छतापासून कमरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात काळपट हिरवी बुरशी. तीन वर्षांत तीनदा रंग दिला होता!

गोराईची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून १९८५ नंतर वसवली. खाडीलगतची दमट हवा, त्यात पावसाळा. तेथे भिंत एकदा भिजली की सहजी वाळत नाही. पण हा प्रश्न मुंबईपुरता नाही. आपल्याकडेही वाड्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत आणि त्याबरोबर ही दुखणीही.

ओल राहिली की बुरशीला एक-दोन दिवस पुरतात. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात. दमट अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे जीवही वाढतात. दोन्हींमुळे ॲलर्जी असणाऱ्यांना शिंका, नाक वाहणे, रात्रीचा खोकला, धाप असे त्रास होतात आणि दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये यावर मार्गदर्शिका काढली. बुरशीची अमुक पातळी सुरक्षित, असा आकडा तीत दिलेला नाही. ओल हटवा, हाच तिचा मुख्य सल्ला. अर्थात प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही. लहान मुले, वृद्ध, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी जास्त जपावे. भिंतीवर फुलणारी पांढरी भुकटी मात्र बुरशी नसते. तो लोणा, म्हणजे क्षार. पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो.

सकाळी आम्ही वर गेलो. दार एका निवृत्त शिक्षिका काकूंनी उघडले. पुतण्या तावातावाने बोलू लागला, त्याला मी थांबवले. काकू म्हणाल्या, "अहो, मी तीनदा लाद्यांच्या फटीत पांढरं सिमेंट भरून घेतलं. माझ्याकडे सगळं कोरडं आहे, मला काय कळणार?" त्यांचेही खोटे नव्हते. पाणी वरून दिसतच नाही. भांडणे बहुधा इथेच पेटतात, कारण पाणी नेमके कुठून येते हे कोणीच तपासलेले नसते.

तपासण्याची रीत सोपी आहे. ठिबक रात्रंदिवस चालू असेल तर पाणी येणाऱ्या नळीचा संशय घ्यावा. वरच्या घराचा कॉक काही तास बंद ठेवावा, ठिबक थांबले तर दोष तिथेच. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर दोष फरशीत किंवा सांडपाण्याच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची पाहावी. आम्ही काकूंच्या न्हाणीघराची जाळी कापडाने घट्ट बंद केली, दोन बोटे पाणी साठवून त्यात नीळ कालवली आणि पातळीवर पेन्सिलीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेखाली उतरले होते आणि खाली ट्रॅपच्या सांध्याभोवती निळसर ओल उमटली होती. मग कोणी वाद घातला नाही. लाद्या उखडून ट्रॅप नव्याने बसवणे आणि खाली वॉटरप्रूफिंग करणे भाग होते. वरवरच्या सिमेंटने ते भागले नसते.

खर्चाबाबत सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचा साधारण नियम असा, की गच्चीतून येणारे पावसाचे पाणी आणि सामाईक नळ्यांची गळती सोसायटीने दुरुस्त करावी, घराच्या आतली त्या सभासदाने. गळतीची तक्रार आल्यास पूर्वसूचना देऊन घर पाहण्याचा अधिकार सचिवांना आहे. तक्रार लेखी द्यावी, छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी. सोसायटीने लक्ष घातले नाही तर मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य खात्याकडे अर्ज करता येतो.

काकूंची अडचण निराळीच होती. गुडघे दुखतात, आठ दिवस आंघोळीला जायचे कुठे? सूनबाईंनी त्यांना खाली आपल्याकडे बोलावले.

दरम्यान पलंग कोरड्या भिंतीकडे सरकवला आणि भिजलेली गादी टाकून दिली. बुरशी कोरडी खरवडू नये, बीजाणू उडतात. नाकातोंडावर कापड बांधून, खिडक्या उघड्या ठेवून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. ओल विजेच्या बटनांपर्यंत आली असेल तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे. मुलाला तेथील बालरोगतज्ज्ञांनी औषधाचा पंप सुरू केला. त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे.

भिंत पुरती वाळायला दिवाळी उलटली. तोवर रंग देऊ नका, असे मी दोनदा फोन करून बजावले होते. मुलाच्या पंपाची मात्रा डॉक्टरांनी हिवाळ्यात तपासून कमी केली, बंद मात्र अजून केलेली नाही.