सांडपाण्यातली वीज आणि पीयूसीनंतरच्या वाटा

दहावीचा निकाल लागला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या घरांत पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) विषयांवरून खल सुरू होतो. त्यात मुलगी म्हणाली, "मला सांडपाण्यातून वीज करायला शिकायचंय," तर आई-वडिलांच्या पोटात गोळा येणारच.

तिला आधी प्रयोग करू द्या. हातमोजे घालून तळ्याकाठचा काळा गाळ बरणीत भरायचा, कार्बन फेल्टचा एक तुकडा त्यात पुरायचा, दुसरा वरच्या पाण्यात ठेवायचा आणि दोन्हींच्या तारा रेझिस्टरला जोडायच्या. सुरुवातीला मल्टिमीटरवर फारसं काही दिसत नाही. मग गाळातले जिओबॅक्टरसारखे जिवाणू कार्बनवर थर धरतात, घाण खाताना सुटलेले इलेक्ट्रॉन त्याला देतात आणि आकडा काहीशे मिलिव्होल्टपर्यंत चढू लागतो. इंग्लंडात पॉटर यांनी १९११ सालीच ही वीज मोजली होती. पण अशा एका सेलमधून साधारण अर्धाच व्होल्ट मिळतो. मोठ्या प्रमाणावर हे स्वस्तात कसं करायचं, तिथं घोडं अडलंय.

म्हणून स्पष्ट सांगतो: नुसत्या या विषयाच्या भरवशावर नोकरी शोधू नका. सांडपाणी शुद्धीकरणाचा पाया पक्का करा. बिदर जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं गडद तपकिरी स्पेंटवॉश थेट ओढ्यात सोडता येत नाही. ते हाताळायला केमिस्ट लागतात, मायक्रोबायोलॉजीवाले लागतात, पर्यावरण अभियंते लागतात. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि शहरांचे एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं) इथल्या नोकऱ्या वेगळ्याच.

सांडपाण्यातून वीज करण्याच्या संशोधनात आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे आयआयटी खरगपूरमध्ये काम केलेले प्रा. मकरंद घांग्रेकर. त्यांच्या गटानं मैलापाण्यावर वीज देणारं शौचालय उभारलं. आणि ते प्राध्यापक सिव्हिलचे, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

पीयूसीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलं तर इंजिनिअरिंग आणि बीएस्सी, दोन्ही दारं उघडी राहतात. सिव्हिलसाठी भालकी, बिदर, कलबुर्गीत कॉलेजं आहेत. पुढच्या शिक्षणासाठी गुलबर्गा विद्यापीठ आहे. प्रवेशातल्या स्थानिक आरक्षणासाठी कलम ३७१-जे चा दाखला वेळेत काढा, सीईटीच्या धावपळीत तोच राहून जातो. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले सहा महिने इंग्रजी पुस्तकं जड जातात. तेवढ्यावरून सायन्स सोडायला लावू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

प्रवेश घेण्याआधी एकदा जवळच्या कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) तिला परवानगी काढून दाखवा. तिथल्या केमिस्टला विचारा, दिवसभर काम काय असतं, पगार किती, शिफ्ट कशा असतात. तो वास तिला झेपतो का, हेही त्याच फेरीत कळेल.