न लिहिलेली साक्ष

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९६४ साली जेराल्ड गॉल्ट नावाच्या १५ वर्षांच्या मुलास पोलिसांनी घरातून नेले. आईबाप कामावर गेलेले. त्यांच्यासाठी साधी चिठ्ठीही ठेवली नाही. टेलिफोनवरून असभ्य बोलल्याची शेजारणीची तक्रार होती. नंबर आपण फिरवला, पण बोलला मित्र, असे जेराल्डने सांगितल्याचे आईस आठवत होते. ते लिहून कोणी घेतले? कोणीच नाही! वकील नव्हता, आईने विनंती करूनही तक्रार करणारी बाई न्यायालयात आली नाही. प्रौढास ज्यासाठी फार तर दोन महिने कैद, त्यासाठी या मुलास वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारशाळा! आईबाप वरच्या न्यायालयांत झगडले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. अशा मुलांनाही वकिलाचा हक्क मिळाला.