हँडल मारताना अंगठा कुठे ठेवाल?

इल्फर्डला राहून खरोखर जुन्या गाड्या बघायच्या असतील, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे उठावं लागतं. मफलर, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि सूर्य उगवायच्या आत हाइड पार्क. तिथून लंडन ते ब्रायटन अशी सुमारे 60 मैलांची फेरी निघते. मुख्य अट एकच: गाडी 1 जानेवारी 1905 च्या आधी बनलेली हवी. 14 नोव्हेंबर 1896 ला नव्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 मैलांवर नेली. त्या आनंदात त्याच दिवशी काढलेल्या फेरीची ही आठवण.

गाड्या निघाल्या की सगळे फोटो काढतात. माझं ऐकाल तर थोडं आधी पोचा आणि हँडल मारणाऱ्याचा हात बघा. अंगठा बोटांच्या समोर नाही, बोटांच्याच बाजूला असतो. का?

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम जळत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो. समजा 3 मिलिसेकंद. इंजिन मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर तेवढ्यात ते जवळपास 22 अंश फिरतं. म्हणून पिस्टन वर पोचायच्या 20-22 अंश आधीच ठिणगी टाकतात. आता हाताने हँडल मारा, मिनिटाला 60 फेऱ्यांच्या वेगाने. त्याच 3 मिलिसेकंदांत इंजिन फिरतं जेमतेम 1 अंश! (इतक्या कमी वेगात ज्योत संथ असते, पण 10 मिलिसेकंद धरले तरी 4 अंशही होत नाहीत.) म्हणजे पिस्टन अजून वर चढतोय आणि मिश्रण जळून मोकळं. दाब पिस्टनला उलटा ढकलतो, हँडल उलटं फिरतं. अंगठा आडवा आला तर हातासकट मनगट गेलं. मनगटाजवळच्या एका हाडमोडीला डॉक्टर अजून ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते यावरूनच.

उपाय साधा. हँडल मारण्याआधी चालक एक छोटी दांडी सरकवून ठिणगी उशिरा पडेल असं करतो आणि इंजिन धरलं की ती परत पुढे घेतो. ही दांडी विसरणं म्हणजे हाडवैद्याला निमंत्रण. गावाकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना तुम्ही पाहिलं असेल. तिथेही एक दांडी असते, पण तिचं काम वेगळं. डिझेलला ठिणगीच नाही, ती दांडी फक्त सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलकं करते.

1912 मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलचे दिवस सरत गेले. ठिणगीची वेळ मात्र आजच्या पेट्रोल गाडीतही सतत मागेपुढे होत असते, फक्त ती दांडी आता संगणकाच्या हातात आहे.

आणि हो, हाइड पार्कच्या त्या रांगेत शंभरी ओलांडलेल्या विजेच्या गाड्याही असतात. शेजारचा घामाघूम होऊन हँडल मारत असतो, आणि त्या मुकाट्याने निघून जातात.