मनोरुग्ण आणि त्याचे घर

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनियाची लक्षणे ओळीने दिलेली असतात : भास, संशय, एकलकोंडेपणा. परीक्षेला तेवढी पुरतात. परंतु अशा रुग्णासोबत एका छपराखाली राहणाऱ्याने वागावे कसे, हा प्रश्न त्या प्रकरणात फारसा येत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, म्हणजे अनसिंगहून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. साहजिकच आपल्याकडे शुश्रूषेचा भार घरावर, आणि घरातही आई, बायको वा बहिणीवर पडतो. अनेक कुटुंबे प्रथम 'बाहेरचे' समजून बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांचा दर्गा गाठतात. त्या श्रद्धेची चेष्टा करू नये. नवस फेडूनही गोळ्या चालू ठेवता येतात. बांधून ठेवणे मात्र अक्षम्य होय. २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने मेले. २०१७ च्या कायद्याने साखळीला स्पष्ट बंदी केली आहे.

घरच्या वागणुकीविषयी एक महत्त्वाचे संशोधन आहे. जॉर्ज ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली लंडनमधील १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अतिकाळजी होती, तेथे परतलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. इतर घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला. तेथे अशी तापलेली घरे सुमारे एक-चतुर्थांशच आढळली. आपल्या एकत्र कुटुंबांना नावे ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे!

यावरून घरच्या माणसांमुळे आजार होतो, असा अर्थ कोणी काढू नये. पण "कामाची चोरी आहे, दुसरे काही नाही", "लग्न लावून द्या, सुधारेल" ही आपली नेहमीची वाक्ये रुग्णाला काय करीत असतील, याची कल्पना येते. आवाज ऐकू येतात असे तो म्हणाला तर वाद घालू नये व होकारही भरू नये. "तुला ऐकू येते खरे, मला येत नाही," एवढे पुरे. तिशीच्या मुलाला आईने घास भरवण्यापेक्षा त्याच्याकडे तूर निवडण्याचे, शेळीला पाणी पाजण्याचे काम द्यावे. आणि बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बहुतेक घरे इथेच फसतात.

शुश्रूषा करणाराचे काय? कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. तेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलतात. २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही वाणी होते. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. तिची ओढाताण पाहताना आपल्या गल्लीतले एखादे घर आठवल्यावाचून राहत नाही.

पुणे दूर आहे, हे खरे. परंतु ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सुरू आहे. त्यावर मराठीत बोलता येते, आणि रात्रभर जागलेली आईही तो फिरवू शकते.