मुख्य कथा की भटकंती?

प्रश्न : ‘स्कायरिम’ खेळताना मुख्य कथा मागेच राहते. हे चुकते आहे का? – एक वाचक, रे रोड

उत्तर : अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीचा ‘स्कायरिम’ (२०११) हा मुक्त-विश्व, म्हणजे खेळाडूला नकाशावर हव्या त्या क्रमाने हिंडू देणारा खेळ असून, त्यातील कौशल्ये वापरानेच वाढतात आणि मुख्य कथेला कालमर्यादा नसते, त्यामुळे भटकंती हाच त्याचा गाभा ठरतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) मात्र, पुराणकथांवर आधारलेला असून, आखलेल्या वाटेनेच पुढे सरकतो. कथेचीच ओढ असल्यास तो अधिक रुचेल. ‘स्कायरिम’मध्ये व्हाइटरन शहराजवळच्या टेहळणी बुरुजावरील लढाई होईपर्यंत ड्रॅगन मोकळे फिरू लागत नाहीत, म्हणून तेवढा टप्पा आधी उरकावा आणि मग खुशाल भरकटावे.